मदत हवी आहे: पऱ्हाटीच्या ब्रिकेटला भेगा पडतात

नमस्कार मंडळी. मी यवतमाळकडचा. आमच्या शेतकरी गटाने ब्रिकेटचं, म्हणजे भुसा दाबून जळणाच्या कांड्या काढायचं मशीन बसवलंय, ९० मिमीची पिस्टन प्रेस आणि जोडीला भुसा करायला हॅमर मिल. माल नुसती पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं. चिकटायला वरून काही घालत नाही; दाबाने अन् उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं, तेच धरून ठेवतं.

जुन्या ढिगाची कांडी काळपट, तकतकीत निघते. नव्या ढिगाला हात लावला की आडव्या भेगा, ट्रॉलीत भरेपर्यंत निम्म्याचा चुरा! मधूनच मशीनच्या तोंडातून फट्‌कन वाफ आणि भुसा उडतो, समोर उभं राहायची सोय नाही. बॉयलरवाले चुरा घेत नाहीत. मशीनवाला म्हणतो, माल ओला आहे.

वाळवायचा कसा? उपटलेली पऱ्हाटी बांधावर रचली की कृषी सहायक ओरडतात. किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते, त्यांचंही खरंच आहे. ड्रायरची ऐपत नाही. ओलावा नेमका किती हवा, आणि सोयाबीनचं कुटार (मळणीचा भुसा) मिसळलं तर चालेल का?

प्रतिसाद:
ओलावा ८ ते १० टक्के ठेवा. त्याहून फार वर गेला की आत कोंडलेली वाफ कांडी फोडूनच बाहेर पडते. १०० ग्रॅम भुसा १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा, वजन उतरायचं थांबलं की मोजा. ९० ग्रॅम भरला तर ओलावा १० टक्के. लाकडात खुपसायच्या मीटरवर भुशाचा भरवसा धरू नका.

प्रतिसाद:
भाऊ, पऱ्हाटी अख्खी रचताच कशाला? शेतातच चिपरमधून (बारीक तुकडे करायच्या यंत्रातून) काढा. बोंडं तिथेच चिरडतात, बारीक तुकडा वाळतोही लवकर. फक्त ओल्या तुकड्यांचा ढीग घालू नका, आतून तापून बुरशी धरते. खळ्यावर बोटभर थर पसरा, वरखाली करत राहा. मार्चचं आपल्याकडचं ऊन म्हणजे फुकटचा ड्रायर.
कुटार चालतं, पण चाळून घ्या. त्यातली माती डाय (साचा) आणि रॅम (दाबणारा दांडा) खाते. आणि कांडी गरम असताना तोडू नका, मशीनपुढच्या रेलवर निवू द्या.

धागाकर्ता:
आभारी आहे दोघांचा. चिपर भाड्याने बघतो. पण पऱ्हाटीची साल दोरीसारखी निघून ब्लेडच्या शाफ्टला गुंडाळते म्हणतात. कुणी चालवलाय का? त्यावर काय करता?