जवस अख्खं गिळावं की कुटून खावं? (फॅटी लिव्हर)

सोलापूरची_लेक
बाबांच्या सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. वय ६१, वजन ८४, दारूला कधी शिवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी सहा-सात किलो उतरवा. शेजारच्या काकूंचं ऐकून दीड महिना रोज दोन चमचे अख्खं जवस पाण्याबरोबर गिळतायत. उपयोग होतो का? एका नातेवाइकाने 'लिव्हरसाठी' म्हणून बियांची पूड आणलीय, त्यात बावची आहे. देऊ का?

औशाची_काकू
अगं, अख्खं जवस बरंचसं गिळलं तसंच बाहेर पडतं. टरफल चिवट असतं आणि ओमेगा-३ आतल्या तेलात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज, लसूण-तिखट-मीठ घालून कूट आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर दे. आठ दिवसांपुरतंच कर, कुटलेलं जवस लवकर खवट होतं.

इराणमध्ये एका लहानशा चाचणीत फॅटी लिव्हरवाल्यांना १२ आठवडे रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं होतं, सोबत आहार-व्यायामाचा सल्ला. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या लिव्हरची चरबी जास्त उतरली. आमच्या ह्यांचं एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) ९२ वरून ३८ वर आलं, पण त्याच वर्षी संध्याकाळचं फरसाण सुटलं आणि वजन ९१ चं ८३ झालं. त्यात जवसाचा वाटा किती, मला सांगता येणार नाही.

बावची मात्र मुळीच नको! ती कोडावर देतात, आणि तिच्यामुळे लिव्हरला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जवसाचंही डॉक्टरांच्या कानावर घाल.

मोंढ्यातला
चटणीत शेंगदाणे घालणार असाल तर निवडून घ्या ताई. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे टाकून द्या. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, थेट लिव्हरवर जातं आणि घरच्या भाजण्याने पुरतं जात नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या पंचमहाल-बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. आडतीत बसतो, ओला माल रोज बघतो, म्हणून जीव तुटतो.

सोलापूरची_लेक
पूड आत्ताच फेकली. काकू, बाबांना कवळी आहे, जाडसर कूट खाली अडकतं. काय करू?

औशाची_काकू
मिक्सरमधून बारीक काढ आणि ताकात कालवून दे. दिवसभर पाणी भरपूर पाज, नाहीतर पोट धरतं.