एसएटीची तयारी: दर आठवड्याला पूर्ण सराव परीक्षा हवीच का?

तिरकी_रेघ
एसएटी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, देणाऱ्या मुलांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: दर आठवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा द्या, गुण वाढतील. माझ्या मते या सल्ल्याने मुलांचं नुकसान होतं.

२ तास १४ मिनिटांचा पेपर सोडवून मूल दमतं, गुण बघतं, खूश किंवा खट्टू होतं आणि उठतं. शिकण्याची वेळ तर त्यानंतरची असते. साधा प्रश्न घ्या: ३क्ष + ५ = २०, तर ६क्ष + १० किती? घाईत मूल क्ष = ५ काढतं आणि ५ वरच खूण करतं. उत्तर ४० आहे. क्ष काढायचीही गरज नव्हती, दोन्ही बाजू दुप्पट केल्या की झालं. ही चूक 'गणित कच्चं' म्हणून धरली तर मूल पुन्हा बीजगणिताचे धडे घोकत बसेल. वास्तविक त्याने प्रश्नाची शेवटची ओळ नीट वाचलेली नसते. हे कळायला चुकलेल्या प्रश्नापाशी थांबावं लागतं. पुढच्या शनिवारी पुन्हा पेपर असेल तर कोण थांबतो?

शिवाय अधिकृत ब्लूबुक ॲपमधले पूर्ण पेपर मोजकेच आहेत. ते सुरुवातीलाच संपवले तर शेवटी स्वतःला जोखायचं कशावर?

महिन्याला एक पेपर पुरे. बाकीचा वेळ चुकांच्या वहीला द्या.

रानवारा
अजिबात पटलं नाही. वाचन-लेखन आणि गणित, दोन्हींचे दोन-दोन भाग असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. वाचन-लेखनाच्या एका मॉड्यूलमध्ये ३२ मिनिटांत २७ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. गणितात ३५ मिनिटांत २२. हा वेग वही भरून येत नाही. त्यात पहिलं मॉड्यूल कसं गेलं यावर दुसरं सोपं येणार की कठीण हे ठरतं, आणि सोपं आलं तर कितीही बरोबर सोडवलं तरी वरचे गुण हाती लागत नाहीत. मॉड्यूल संपलं की मागेही जाता येत नाही. कुठे अडकायचं नाही, कोणता प्रश्न खूण करून पुढे जायचं, ही जाण पेपर देऊनदेऊनच येते.

आणि संशोधनही आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात आठवड्यानंतर जास्त आठवलं ते चाचणी दिलेल्यांना. तोच मजकूर पुन्हा वाचणारे मागे पडले.

तिरकी_रेघ
तो प्रयोग मीही याच संदर्भात सांगते, पण त्यात विद्यार्थ्यांनी वाचलेला छोटा उतारा आठवून लिहिला होता. सव्वादोन तासांच्या पेपरशी त्याचा काय संबंध? पुस्तक मिटून नियम आठवणं, गेल्या आठवड्यात चुकलेला प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवणं, यातही तेच घडतं. वेगासाठी घड्याळ लावून एकच मॉड्यूल सोडवा आणि लगेच तपासा.

पाटीपेन्सिल
मी मुलांना शिकवते. पेपर किती, यावर तुम्ही दोघं भांडताय, पण वाचनाचं कोणी बोलतच नाही. आता उतारे २५ ते १५० शब्दांचेच असतात आणि प्रत्येकावर एकच प्रश्न, म्हणून मुलांना वाटतं वाचन सोपं झालं. उलट आहे. एवढ्या कमी शब्दांत 'तथापि' किंवा 'म्हणून' अशा अर्थाचा एक शब्द सगळी दिशा फिरवतो, आणि तोच नजरेतून सुटतो. रोज थोडं अवघड गद्य सावकाश वाचल्याशिवाय ही नजर येत नाही, पेपर महिन्याला एक द्या नाहीतर चार.

जाता जाता: चुकीच्या उत्तराला गुण कापणं २०१६ मध्येच बंद झालं, तरी मुलं प्रश्न कोरे सोडतात. कृपया एकही सोडू नका.

रानवारा
वाचनाचं शंभर टक्के मान्य. पण तिरकी_रेघ, तुमचंच उदाहरण घेतो. गणित येतं वाचन-लेखनानंतर, मधे जेमतेम १० मिनिटं सुट्टी. ६क्ष + १० ऐवजी क्ष लिहिण्याची चूक ताजंतवानं मूल क्वचितच करतं. ती होते शेवटच्या मॉड्यूलमध्ये, डोकं जड झाल्यावर. सुटं मॉड्यूल सोडवून ती तुमच्या वहीत येणारच नाही.

तिरकी_रेघ
हा मुद्दा बिनतोड आहे. थकव्यातल्या चुकांसाठी पूर्ण पेपर लागतो, मान्य. शेवटच्या महिन्यात दोन देऊ म्हणा. पण पेपरनंतरचे दोन दिवस फक्त त्याच्या चुकांचे, आणि तोवर नवा पेपर उघडायचा नाही. एवढ्यावर मी ठाम आहे.

रानवारा
दोन कमीच पडतात. शेवटच्या महिन्यात मी चार म्हणेन, तेही खरी परीक्षा असेल त्याच वेळेला, सकाळी. चुकांच्या दोन दिवसांना मात्र माझी हरकत नाही.