शब्दचर्चा: मंदीतलं अमेरिकेतलं गाव आणि 'झोनिंग'

कोरी पाटी
नगररचनेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत. सध्याचं प्रकरण १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या लहान गावांचं आहे. मंदीत बांधकामं थंडावली, कर थकले, तरी त्याच वर्षांत 'झोनिंग'चे, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल ते ठरवणारे, नियम होत राहिले, ते का आणि कसे, असा विषय. मजकूर समजतो, शब्दांपाशी अडते. 'झोनिंग'ला एका मैत्रिणीने 'क्षेत्रीकरण' सुचवलं, सहकाऱ्याने 'परिक्षेत्र-निश्चिती'. दोन्ही वाचून मलाच जांभई आली. शिवाय 'पोलीस पॉवर', 'व्हिलेज', 'टाऊन', 'फॉरेस्ट्री डिस्ट्रिक्ट', 'नॉन-कन्फॉर्मिंग यूज' रांगेत आहेतच. आणि डिप्रेशनला नुसतं 'मंदी' चालेल की 'महामंदी'च हवं?

जुना आराखडा
ताई, मी नगररचना खात्यातून निवृत्त झालेला माणूस. माझं सांगणं एवढंच, की नवे शब्द पाडू नका. आमच्या अधिसूचनांत वर्षानुवर्षं एकच वाक्य फिरतंय: अमुक जमीन शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्यात येत आहे. म्हणजे झोनला 'विभाग' हा शब्द कधीचाच रुळलाय. झोनिंग म्हणजे 'वापर विभाग ठरवणे'. नाम हवंच असेल तर 'वापर-विभागणी' करा. रीझोनिंगला 'फेरबदल'. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातलं कलम ३७ हे या फेरबदलाचंच. सेटबॅक, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, हे 'सामासिक अंतर'; व्हेरियन्स, म्हणजे एखाद्याला नियमातून दिलेली सूट, ही 'शिथिलता'; नॉन-कन्फॉर्मिंग यूज, म्हणजे नियमाआधीपासून चालू असलेला पण त्यात न बसणारा वापर, हा 'विसंगत वापर'. लोकांना बोलावून ऐकून घेतात ती 'हरकती-सूचनांवरची सुनावणी'. हे शब्द रुक्ष आहेत खरे, पण तालुक्याच्या गावातला माणूसही ते ओळखतो.

गुंठा गणिती
काका, ओळखतो, पण बोलत नाही. आमच्या पुण्याजवळच्या वाघोलीकडे कुणी 'रहिवास विभाग' म्हणालं तर लोक त्याला साहेब समजतील. इथं प्रश्न एकच असतो, 'यलोत आहे का ग्रीनमध्ये?' म्हणजे नकाशात रहिवासात का शेतीत. फार तर 'पिवळा पट्टा पडलाय का?' जमिनीचा धंदा करतो म्हणून सांगतो, ताई, 'झोन'च लिहा. मराठी झालाय तो आता.

कोरी पाटी
गुंठा गणिती, तुमचा पिवळा पट्टाच मला नडतोय! १९३३ मध्ये अमेरिकेत बुडीत गृहकर्जं सावरायला सरकारी महामंडळ निघालं. पुढे त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा सगळ्यात उत्तम, मग निळा, मग पिवळा, शेवटी लाल. तिथे पिवळा म्हणजे उतरणीला लागलेली वस्ती. आपल्याकडे पिवळं झालं की भाव चढतो, हिरवं राहिलं की शेतकरी हळहळतो. विद्यार्थ्याने 'पिवळा विभाग' वाचला तर अर्थ बरोबर उलटा लागेल.

कज्जेदलाल नव्हे
त्यात आणखी एक घोळ टाळा. ते नकाशे झोनिंगचे नव्हते. कर्ज देताना जोखीम किती, हे दाखवायला ते केले होते, आणि त्या जोखमीत काळ्या लोकांची वस्ती हेच एक मोठं कारण धरलं जाई. शिवाय ते साधारण चाळीस हजारांवरच्या शहरांचे. तुमच्या लहान गावांशी त्यांचा थेट संबंध बहुतेक नाही. वंशानुसार गल्ल्या वाटून देणारं झोनिंग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच रद्द केलं होतं. पुढे तेच काम विक्रीखतातल्या अटींनी आणि कर्जाच्या नियमांनी केलं. म्हणून टिपणात 'पत-नकाशा' आणि 'विभाग-नकाशा' असे वेगळे शब्द ठेवा.

आता 'पोलीस पॉवर'. याचा खाकी वर्दीशी काही संबंध नाही. लोकांचं आरोग्य, सुरक्षितता, स्वास्थ्य यांसाठी खाजगी मालमत्तेवर बंधन घालण्याची राज्याची ताकद, असा त्याचा अर्थ. मी कोर्टाची भाषांतरं करतो, तिथे 'नियमनाधिकार' लिहितो. झोनिंगचा सगळा डोलारा यावर उभा आहे, कारण या अधिकाराखाली बंधन घातलं तर सहसा भरपाई द्यावी लागत नाही. म्हणूनच 'आरक्षण' हा शब्द चुकूनही वापरू नका. आपल्याकडे विकास योजनेत शाळेचं वा बागेचं आरक्षण पडलं की आज ना उद्या भूसंपादन आलं, मोबदला आला. झोनिंगमध्ये जमीन तुमचीच राहते, फक्त तिच्यावर काय करायचं नाही ते गाव ठरवतं.

यावरचा मूळ खटला लहान गावाचाच आहे, प्रकरणात घ्याच. ओहायो राज्यातलं युक्लिड, क्लीव्हलँड शहराला लागून. १९२२ मध्ये गावाने नियम करून सगळी हद्द वापराच्या सहा वर्गांत वाटली. अँब्लर रिअल्टी या कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती, एका अंगाला रेल्वे. कंपनीचं म्हणणं, कारखान्यासाठी विकली तर एकरी १०,००० डॉलर येतात, घरांसाठी ठेवली तर २,५०० च्या वर जात नाही. २२ नोव्हेंबर १९२६ ला निकाल गावाच्या बाजूने लागला, सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती सदरलँडनी त्यात म्हटलंय, की उपद्रव म्हणजे पुष्कळदा योग्य वस्तू भलत्या जागी असणं, जसं गोठ्याच्या आवाराऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर. ('न्यूसन्स'ला आपल्या कायद्यात 'उपद्रव' आहेच.) त्याच निकालात घरांच्या वस्तीत उठणाऱ्या भाड्याच्या चाळवजा इमारतींना परोपजीवी म्हटलंय. हे वाक्य विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. आरोग्याच्या नावाखाली कुणाला बाहेर ठेवायचं होतं ते त्यात उघडं पडतं.

गुंठा गणिती
मग त्या ६८ एकरांचं काय झालं? आमच्यासारख्याला तेवढंच कळतं.

कज्जेदलाल नव्हे
काही नाही. पडून राहिली. तीन वर्षांत मंदी आली. ज्या भावावरून एवढा खटला लढवला तो भाव द्यायला गिऱ्हाईकच उरलं नाही. घरं उठली नाहीत आणि कारखानाही आला नाही. दुसऱ्या महायुद्धात ती अखेर कारखान्याकडेच गेली.

जुना आराखडा
वा. कागद जिंकला, बाजार हरला! एक भर घालतो. युक्लिडसारखं 'घरं इथे, दुकानं तिथे, कारखाने पलीकडे' अशा पद्धतीला तिकडे 'युक्लिडियन' म्हणतात. त्याचं भाषांतर 'युक्लिडीय' केलं की भूमितीचा तास सुरू होतो. गंमत म्हणजे त्या गावाला भूमितीवाल्या युक्लिडचंच नाव दिलेलं आहे, जमिनीची मोजणी करणाऱ्यांनी. तरी 'युक्लिड-पद्धत' लिहा.

कोरी पाटी
छान. आता 'व्हिलेज'. निकालात युक्लिड व्हिलेज आहे आणि लोकसंख्या अंदाजे पाच ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितलीय. 'खेडं' लिहवत नाही.

मॅडिसनकर
मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो, तेव्हा इथलं सांगतो. 'खेडं' मुळीच नको. ओहायोत शेवटच्या जनगणनेत पाच हजारांखाली भरलेली नगरपालिका म्हणजे व्हिलेज. आपल्याकडच्या नगरपंचायतीच्या जवळपास. पण खरी मजा 'टाऊन'ची. विस्कॉन्सिनमध्ये 'टाऊन' हा व्हिलेजपेक्षाही विरळ मुलूख. शेतं, रान, मधूनमधून घरं. त्याचं टाऊन बोर्ड म्हणजे कामाच्या दृष्टीने ग्रामपंचायतच. त्याला 'शहर' म्हटलंत तर संपलं.

आणि तुमच्या प्रकरणात इथली ओनायडा काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) नसेल तर ते अर्धवट राहील. उत्तर विस्कॉन्सिनचं पाइनचं जंगल लाकूड कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कापून नेलं. मागे खुंट उरले. ती जमीन शेतीसाठी म्हणून विकली. रेताड माती, जेमतेम हंगाम. शेतकरी टेकीला आला, कर थकला, जमीन काउंटीच्या गळ्यात पडली. आणि चार मैल आत एकच कुटुंब राहत असलं तरी त्याच्यासाठी रस्ता राखायचा, मुलांना शाळेत न्यायचं, हा खर्च चुकत नव्हता. मंदीने हे सगळं असह्य केलं. राज्याने १९२९ मध्ये काउंट्यांना ग्रामीण भागात असे विभाग पाडायचा अधिकार दिला आणि १९३३ मध्ये ओनायडाने देशातला पहिला ग्रामीण झोनिंगचा नियम केला. त्यात तीन भाग होते. एक जंगलासाठी, तिथे बारमाही राहायचं नाही आणि शेतीही करायची नाही. दुसरा सहल-विश्रांतीसाठी, घर चालेल पण शेती नाही. उरलेला मोकळा. काउंटीने ठराव केला तरी टाऊन बोर्डाने होकार दिल्याशिवाय तो त्या टाऊनला लागू होत नसे. आधीपासून आत राहणाऱ्यांना कुणी हुसकलं नाही. ते 'विसंगत वापर' म्हणून राहिले.

जुना आराखडा
माणसाच्या घराला 'विसंगत वापर' म्हणायचं जिवावर येतं. पण आम्हीही तेच लिहीत आलो.

सागवान
'फॉरेस्ट्री डिस्ट्रिक्ट'साठी सावध करतो, मी गडचिरोलीचा. 'वन विभाग' लिहिलंत तर वाचणाऱ्याला गार्ड आणि रेंजर दिसणार. 'वनपट्टा' त्याहून वाईट. आमच्याकडे वनपट्टा म्हणजे वनहक्क कायद्याखाली मिळालेला जमिनीच्या हक्काचा कागद. म्हणजे जंगलात राहायचा, कसायचा हक्क! ओनायडात नेमकं उलट, तिथे नवं कुणी राहू नये म्हणून रेघ मारली. 'राखीव' पण नको, राखीव जंगल ही कायद्यातली वेगळी गोष्ट आहे. 'जंगलासाठी सोडलेला टापू' म्हणा. लांब आहे, पण घात करत नाही. आणि जंगल तोडून नेल्यावर उरलेल्या जमिनीला ते 'कटओव्हर' का काय म्हणतात, त्याला 'कूप तुटलेलं रान'. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, आमच्या तोंडातला शब्द आहे.

कोरी पाटी
'कूप तुटलेलं रान' घेतलं! मॅडिसनकर, 'डिस्ट्रिक्ट'ला टापू सगळीकडे चालवू का?

मॅडिसनकर
जंगल, सहल यांच्यापुरता चालवा. गावातल्या गल्लीबोळाला टापू शोभत नाही, तिथे काकांचा 'विभाग' बरा.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात 'सेटलमेंट' (वस्तीचा झोन) आणि 'ऑर्चर्ड' (बागायतीचा) हे शब्द कोकणी-मराठी दोन्हींत तसेच चालतात. 'जागा सेटलमेंटात आहे' म्हटलं की सगळं कळतं. म्हणून माझं मत 'झोन'ला. बाकी चालू दे.

दिवेलागण
मंदीबद्दल कुणीच बोललं नाही. 'मंदी' हा मूळचा बाजारातला शब्द, तेजीचा जोडीदार. दर दोन-चार वर्षांनी येते-जाते ती मंदी. १९२९ नंतरच्या त्या दशकाला 'महामंदी' रुळलंय, शीर्षकात तेच ठेवा, आत नुसतं मंदी चालेल. पण आपल्याकडच्या जुन्या माणसांनी तो काळ 'स्वस्ताई' म्हणून सांगितलाय, हे विसरू नका. ठरलेला पगार असलेल्याला ती स्वस्ताई होती, कारण धान्य मातीमोल झालं होतं. ज्याने ते पिकवलं त्याला सारा आणि व्याज मात्र जुन्याच आकड्याने भरायचं. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सोन्याचा दंडक, म्हणजे चलनाची सोन्याशी बांधलेली किंमत, सोडला आणि त्यानंतर हिंदुस्थानातून सोनं भराभर बाहेर गेलं. त्यात शेतकऱ्यांच्या बायकांच्या अंगावरचंही होतं. एकाच काळाला घरागणिक वेगळा शब्द. तुमच्या अमेरिकी गावातही पगारदार आणि कर्जदार यांची मंदी एक नसणार.

कोरी पाटी
नव्हतीच. माझ्या मजकुरात नियमात न बसणाऱ्या वापराची एक निराळी गोष्ट आहे. नोकरी गेल्यावर लोक राहत्या घरात पैसे देऊन राहणारे ठेवू लागले, पुढच्या खोलीत केस कापायची खुर्ची, शिवणयंत्र. निवासी विभागात हे बसत नाही. शेजारी तक्रार करी, मग शिथिलतेचा अर्ज.

गुंठा गणिती
ओटीवर दुकान! हे आपल्याकडे विसंगत कधी होतं? वाड्याखाली दुकान नसेल तर लोक विचारतात, भाड्याने का देत नाही म्हणून.

जुना आराखडा
म्हणूनच 'निवासी' आणि 'रहिवास' यांत अमेरिकेसाठी 'निव्वळ निवासी' लिहा. आमच्या रहिवास विभागात तळमजल्यावर वाण्याचं दुकान, दवाखाना, शिकवणी हे नियमातच बसतं. तिथल्या एक-कुटुंब-घराच्या विभागात बसत नव्हतं. नुसतं 'रहिवास' लिहून हा फरक पोचणार नाही.

कोरी पाटी
मान्य. शेवटचा अडलेला शब्द. शिकागोच्या उत्तरेला नाइल्स सेंटर नावाचं गाव, १९४० मध्ये त्याचं नाव स्कोकी झालं. १९२० च्या दशकातल्या तेजीत भोवतालच्या शेतांचे तुकडे पडले, गावाने रस्ते, पदपथ, सांडपाण्याच्या वाहिन्या घातल्या. १९३० ला वस्ती पाच हजारांच्या आसपास. मग मंदी. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत कितीतरी पदपथांच्या कडेला घरंच नव्हती. अशा 'सबडिव्हिजन'ला काय म्हणू? 'उपविभाग' म्हटलं की प्रांताधिकारी आठवतो.

जुना आराखडा
'रेखांकन'. मंजूर रेखांकन, अंतिम रेखांकन.

सागवान
आमच्या नागपूर-चंद्रपूरकडे 'लेआउट'. 'अमुक लेआउटमध्ये प्लॉट आहे' असंच बोलतात, घर बांधलेलं असो की नुसते दगड रोवलेले.

गुंठा गणिती
लेआउट बरोबर. पण रस्ता झाला, गटार झालं आणि गिऱ्हाईक फिरकलंच नाही, त्याला आम्ही 'अडकलेला प्लॉटिंग' म्हणतो. पैसा मालकाचाही अडकतो आणि ज्यांनी दोन-दोन हप्ते भरलेत त्यांचाही.

कोरी पाटी
तिथे गावाचाही अडकला होता. रस्त्या-गटारांसाठी काढलेल्या रोख्यांचं व्याज चालूच होतं आणि ज्या प्लॉटांवर ते वसूल करायचं त्यांचेच मालक कर भरेनात. 'रेखांकन' कायद्याच्या वाक्यात, 'लेआउट' वर्णनात, आणि नाइल्स सेंटरच्या परिच्छेदाला उपशीर्षक 'अडकलेलं प्लॉटिंग'. काका, 'अडकलेला' की 'अडकलेलं'?

जुना आराखडा
प्लॉटिंग नपुंसकलिंगीच. 'अडकलेलं'.

गुंठा गणिती
वाघोलीत या, 'अडकलेला'च ऐकू येईल.