सगळे चेहरे हसरेच येतायत, काय करू?

रंगपेटी: मी सहा ते आठ वर्षांच्या पोरांना चित्रकला शिकवते, बाराजण आहेत, सध्या पोर्ट्रेट चालू आहे. चेहरा काढतात तसे बरे, डोळे कपाळावर चढतात ते सोडा, पण भाव म्हटलं की संपलं. आनंदी म्हणजे वर वळलेली रेघ, दुःखी म्हणजे तीच उलटी आणि फारच दुःखी असेल तर गालावर दोन निळे थेंब. इमोजीच. परवा एकीला म्हटलं रागावलेला माणूस काढ, तर तिने हसराच काढला आणि गाल लालभडक केले (मला खरंतर आवडलं ते). मी फळ्यावर काढून दाखवलं तर बाराच्या बारा पोरं माझंच चित्र उतरवतात. कुणी केलंय का असं काही?

शाईपेन: फळा आधी बंद करा, हातात आरसा द्या. रेम्ब्राँ या डच चित्रकाराने १६३० मध्ये हेच केलं होतं, आरशात तोंडं वाकडी करून डोळे वटारलेले, ओरडणारे असे स्वतःचेच चेहरे एचिंगमध्ये (म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून घेतलेला छाप) काढले, त्यातला एक तर जेमतेम पाच सेंटिमीटरचा आहे. पोरांना सांगा राग आणा आणि तसंच थांबा, आता बोटाने भुवया चाचपा. रागात खाली येऊन जवळ येतात, मध्ये आठी पडते, घाबरलं की वर जातात, रडू यायला लागलं की आतली टोकं वर उचलली जातात. डोळ्यांनी बघून नाही कळत तेवढं बोटाला कळतं.

अजून एक, माझ्याकडे हमखास चालतं. एकच चेहरा, तोंडाची रेघ सरळ, आणि काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या म्हणजे भुवया. चिकटवायच्या नाहीत, नुसत्या सरकवायच्या. तोंड तेच राहून माणूस कधी चिडतो कधी रडवेला होतो, पोरं अक्षरशः किंचाळतात.

कोराकागद: +१ पट्ट्यांना. तिरकी मान पण करून बघा, मान खाली गेली की अर्धं काम होतं.

आठीपाठी: थोडं वेगळं मत. भुवयांचं बरोबर आहे पण तेच पाठ करून घेतलं तर एक इमोजी जाऊन दुसरा येईल, इतकंच. नॉर्वेच्या मुंक या चित्रकाराचं १८९३ चं 'द स्क्रीम' हे चित्र बघा, त्या चेहऱ्याला भुवया जवळपास नाहीतच, कान दाबून धरलेत आणि सगळं आभाळच लाल वळवळतंय. तुमच्या त्या लाल गालवालीने तेच केलं की! तिला सुधारू नका प्लीज.

मी "दुःखी काढ" असं कधीच म्हणत नाही. मी म्हणते, याचं आवडतं खेळणं हरवलंय, सगळीकडे शोधून झालंय आणि आता कुणाला सांगावं ते त्याला कळत नाहीये. मग पोरं हात कुठे काढायचे हे पण विचारतात. आणि खोडरबर लपवून ठेवा, रागाची रेघ दाबून आली पाहिजे, कागद फाटला तर फाटला. एवढंच, की कुणी सगळं काळं केलं तर लगेच घरी काय झालं वगैरे विचारत बसू नका, बऱ्याचदा काळा खडू हाताशी असतो म्हणून असतं. चित्रातल्या माणसाला काय झालं ते विचारा.

रंगपेटी: आज आरसा आणि पट्ट्या दोन्ही केलं. पहिली दहा मिनिटं नुसता दंगा, जिभा बाहेर. मग एकाने पट्ट्या अगदी वर, केसांच्या आत सरकवल्या आणि म्हणाला हा माणूस खोटं बोलतोय. मी तर हे शिकवलंच नव्हतं 😄 लाल गालवालीने पट्ट्या घेतल्याच नाहीत, या वेळी कान पण लाल केले. शाईपेन, त्या पट्ट्या तुम्ही शेवटी चिकटवायला देता की तशाच काढून घेता? तो खोटं बोलणारा घरी न्यायचाय म्हणतोय.

शाईपेन: त्यालाच ठरवू द्या. माझ्याकडे एकाने चिकटवल्या आणि दुसऱ्या दिवशी उचकटून आणल्या, म्हणे आता त्याचा राग गेलाय.