तायक्वांदो दोन हजार वर्षं जुना नाही, तो छावणीत घडला

सह्यकडा:
लेकीच्या पट्ट्याच्या परीक्षेसाठी पाठ करायला दिलेल्या कागदावर पहिलंच वाक्य, "तायक्वांदो ही दोन हजार वर्षांची कोरियन कला." मुलांना असं शिकवू नये असं मला मनापासून वाटतं.

तायक्वांदो घडवणाऱ्यांतले एक, चोई होंग-ही, जपानमध्ये शिकायला असताना शोतोकान ही कराटेची शैली शिकले. पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात जनरल झाले. १९५३ मध्ये जेजू बेटावर त्यांनी २९वी पायदळ डिव्हिजन उभी केली आणि तिथल्या जवानांकडून हीच कला घोटून घेतली. 'तायक्वांदो' हे नाव ठरलं ११ एप्रिल १९५५ रोजी.

रानजाई:
नाव १९५५ चं म्हणून कलाही तेव्हाचीच? बारसं उशिरा झालं म्हणून मूल त्या दिवशी जन्मलं असं होतं का? गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातल्या थडग्यांच्या भिंतींवर झुंजणारे पुरुष रंगवलेले आहेत. तेक्योन हा पायांचा खेळ तर जपानी येण्याआधीपासून होता.

सह्यकडा:
चित्रातल्या पवित्र्यावरून परंपरा अखंड होती हे सिद्ध होत नाही. चोईंच्या आकृत्यांच्या (ठरलेल्या हालचालींच्या मालिकांच्या) क्रमातली पहिली, चोन-जी, घ्या. डावीकडे वळून खालचा अडथळा, एक पाऊल पुढे ठोसा, मागे वळून पुन्हा तेच. शोतोकानच्या 'तायक्योकू शोदान' या आकृतीची सुरुवात हुबेहूब अशीच आहे. तेक्योनमध्ये माणूस असा रोवून उभा राहतच नाही. सतत डुलत पावलं टाकतो, पायात पाय अडकवून पाडतो.

रानजाई:
हाताचं मान्य. पण उंच, गिरक्या घेणाऱ्या लाथा त्या जुन्या कराटेत कुठे होत्या? आणि कराटे तरी मूळचं जपानचं कुठे, ते ओकिनावाचं. पूर्वी त्याचं नाव 'चिनी हात' असंच लिहीत. १९१० ते १९४५ जपानच्या पारतंत्र्यात काढलेल्या लोकांनी स्वतःचं नाव दिलं, तर त्यात खोटेपणा कसला?

मधलीआळी:
चोईंचीच ह्वा-रांग आकृती बघा. नाव सिल्ला या प्राचीन कोरियन राज्यातल्या तरुण योद्ध्यांचं, हालचाली मात्र बरोबर २९, त्या डिव्हिजनच्या आकड्यावरून. चोईंनी छावणी लपवली नव्हती.

सह्यकडा:
हे महत्त्वाचं सांगितलंत. नाव देण्याला माझा विरोध नाहीच. लाथांबद्दल रानजाईंचं बरोबर आहे, त्या कोरियातच वाढल्या. पण परीक्षेच्या कागदावर जेजू आणि २९वी डिव्हिजन यायलाच हवी. सरांना उद्या तसं लिहून देतोय.