मदत हवी आहे: क्विल्टचे ब्लॉक मापात येत नाहीयेत, कोणती पट्टी घेऊ?

भाचीच्या बाळासाठी क्विल्ट करायला घेतलंय, साधंच, नऊ चौकोनांचा ब्लॉक. चौकोन साडेतीन इंचांचे कापले, पाव इंच शिवण धरली तर ब्लॉक साडेनऊचा यायला हवा ना? माझे बहुतेक सव्वानऊ येतायत, एकदोन तर त्याहून वेगळेच, आणि शेजारी ठेवले की शिवणी शिवणीला भेटतच नाहीत. आमची आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या नुसत्या डोळ्यांच्या मापानं शिवायची, ती असती तर पोट धरून हसली असती.

मुलाच्या कंपासमधली पट्टी, खडू आणि कात्री वापरली. काल बघते तर त्या पट्टीचा शून्य कडेवर नाहीच, चांगला तीनचार मिलिमीटर आत, आणि मी कधी कडेपासून मोजलं कधी शून्यापासून 🤦 आता ४५ मिमीचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) नि कापताना खाली घालायची मॅट मागवलीय. अ‍ॅक्रिलिकची पट्टी ६×२४ इंची घेऊ की साडेसहा×२४? तो अर्धा इंच जास्तीचा कशाला असतो? आणि ती कापडावर घसरते म्हणतात ते खरंय का?

प्रतिसाद १
ताई, साडेसहा×२४च घ्या. सहाचा तयार चौकोन हवा तर दोन्हीकडची शिवण धरून साडेसहाच कापावा लागतो, म्हणून तो अर्धा इंच. लांबी २४ अशासाठी की ४४ पन्ह्याचं कापड एक घडी घातली की २२ होतं, एका दमात कापता येतं. फक्त घडीला पट्टी काटकोनात लावा, नाहीतर उलगडल्यावर कापलेल्या कापडाच्या मधोमध कोपर येतं. मापं पट्टीवरच्या रेघांवरून घ्या, मॅटवरच्या नको, आणि अख्ख्या क्विल्टला एकच पट्टी. घसरते, हो. खाली बारीक सँडपेपरच्या टिकल्या चिकटवा आणि करंगळी पट्टीच्या बाहेर कापडावर टेकवा, कटरच्या बाजूला नाही हं!!

प्रतिसाद २
पट्टी घ्याच, पण सव्वानऊ पट्टीमुळे येत नाहीये असं मला वाटतं. ब्लॉकात एका दिशेला दोन शिवणी, प्रत्येकीत दोन पदर, म्हणजे चार ठिकाणी अर्धा अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं की झाला पाव इंच गायब. कापडाच्या दीड इंच रुंद तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा नि मधली मोजा. बरोबर एक इंच यायला हवी.

मूळ धागाकर्ती
आत्ता करून बघितलं. शेजारणीची स्टीलची फूटपट्टी आणली, तिच्यानंच कापलं, तिच्यानंच मोजलं. मधली पट्टी एक सूत कमी!! मी मशीनच्या दाबपट्टीची (सुईपाशी कापड दाबून धरते ती) कड म्हणजे पाव इंच असं धरून चालले होते, ती जास्त निघाली. आता मशीनच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावलीय, दोराभर आतच. साडेसहा×२४ मागवते. पण शिवलेले अकरा ब्लॉक उसवू, की सगळे नऊ इंचांचे छाटून घेऊ? कोपऱ्यातले चौकोन बारीक दिसतील का फार?