बटण बंद केलं तरी माळ मिणमिणते, ग्रिलला झिणझिण्या येतात

विडी घरकुल
गणपतीसाठी गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर एलईडीच्या ४ माळा सोडल्यात. त्यातली एक पत्र्याच्या कडेवरून खाली आलीय. मखरात ५ मीटरची एलईडी पट्टी, मागं चादरीचा पडदा, पुढं छोटं कारंजं. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, त्याला दोन पिनांचा टॉप (प्लग). परवाच्या पावसापासून ग्रिलला हात लागला की झिणझिण्या येतात. बोर्डाचं बटण बंद केलं तरी माळा अंधारात मंद मिणमिणतात. एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) पडलेली नाही. माळ खराब आहे का घराची वायरिंग? विसर्जनापर्यंत असंच ठेवलं तर चालेल का?

वायरिंगवाला
नाही चालणार. आधी मेन बंद करा, मग टॉप काढा, आणि ग्रिलजवळ पोरांना जाऊ देऊ नका.

दोन पिनांचा टॉप सुलटा-उलटा कसाही बसतो. उलटा बसला की बोर्डाचं बटण फेजऐवजी (करंट आणणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) तोडतं. म्हणजे बटण बंद, पण माळेत फेज तशीच उभी. तिथून ग्रिलकडं थोडा करंट झिरपतो आणि माळ मिणमिणते. खात्री करायची तर माळा काढून ठेवा, टॉप परत लावा, मेन चालू करा, बोर्डाचं बटण बंद ठेवा आणि टेस्टर बोर्डाच्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत एकेक करून घाला. कुठल्याही भोकात टेस्टर पेटला तर फेज तुटत नाहीये. टॉप फिरवून परत बघा. फिरवूनही पेटत असेल तर बोर्डाच्या आतली जोडणी तपासावी लागेल. (निऑनचा इंडिकेटर असलेल्या बटणानंही माळ किंचित मिणमिणते, पण त्यानं ग्रिलला झिणझिण्या येत नाहीत.)

झिणझिण्यांचं कारण बहुतेक पत्र्याची कड. वारं सुटलं की माळ कडेवर घासते, प्लास्टिक सोलतं, आणि पाणी पडलं की सगळा पत्रा आणि ग्रिल फेजला लागतं. 'एलईडी म्हणजे कमी व्होल्टेज' हा समज काढून टाका. थेट टॉपवर चालणाऱ्या माळेत साधारण ३ व्होल्टचे ६०-७० दिवे एकामागोमाग जोडलेले असतात. माळेच्या डबीत व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. दिव्याच्या उघड्या पायावर २३० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो.

जुळे सोलापूर
एमसीबी का पडली नाही ते सांगतो. एमसीबी शॉर्ट किंवा जादा लोड झाल्यावर पडते. माणसाला धोक्यात घालायला ३० मिलिअँपिअरसुद्धा खूप झाले, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला ते जाणवतही नाहीत. त्यासाठी आरसीसीबी लागते, म्हणजे थोडा करंट झिरपला तरी पुरवठा तोडणारा स्विच. सिंगल फेजच्या घराला डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी), २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरची, मेन स्विचच्या नंतर. शंभर किंवा ३०० मिलिअँपिअरची मिळते ती आगीसाठी, शॉकसाठी नाही. बसवल्यावर टेस्ट बटण दाबून बघा, खटकन पडली पाहिजे. उगाच पडत असेल तर बहुतेक आरसीसीबीवर नसलेल्या सर्किटचा न्यूट्रल कुठंतरी मिसळलाय, तो वेगळा करा. आरसीसीबी काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नाही.

अर्थिंगही (झिरपलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) बघून घ्या. जुन्या घरांत अर्थ नळाच्या पाइपला बांधलेली असते आणि पाइप मधेच पीव्हीसीचा झालेला असतो, मग ती अर्थ नुसती नावाला. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा जोडतात. हे कुणालाही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक मशिनच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात. अर्थिंगचा खड्डा असेल तर त्यात पाणी घालत राहा, कोरडी जमीन करंट नीट घेत नाही.

वायरिंगवाला
बोर्ड बदलाच. तीन तारांची दीड एमएम वायर, तीन पिनांचा ६ अँपिअरचा टॉप, हिरवी तार जाड पिनला. वायर लागेल तेवढीच घ्या. उरलेली वेटोळी करून ठेवली तर लोडवर आतल्या आत तापते.

लोडची मात्र काळजी नको. ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट, आणि एलईडी माळ ५-१० वॅटची. त्याच बोर्डावर ५०० वॅटचा हॅलोजन आणि इस्त्री दोन्ही लावलं की गणित फिरू शकतं. माळेला माळ जोडताना खोक्यावरची मर्यादा पाळा, कारण सगळ्या माळांचा करंट पहिल्या माळेच्या बारीक तारेतून जातो.

जुळे सोलापूर
पट्टीचं बघा. १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे असलेली ५०५० पट्टी (५०५० म्हणजे ५ बाय ५ मिलिमीटरचा दिवा) मीटरला साधारण १४.४ वॅट खाते. ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. दुकानात सोबत देतात तो २ अँपिअरचा अडॅप्टर त्यावर तापणारच. ८ अँपिअरचा घ्या आणि चादरीच्या मागं दाबून नको, उघड्यावर ठेवा. चादर सुती आहे, समई तिच्यापासून लांब. पट्टी थेट २३० व्होल्टची असेल तर शेवटच्या टोकाला टोपी आहे का बघा, ते टोक उघडं राहिलं तर तिथं जिवंत करंट असतो. कारंज्याचा पंप २३० व्होल्टचा असेल तर काढून टाका आणि अडॅप्टरवर चालणारा १२ व्होल्टचा आणा. पंपाचं सील गेलं की सगळं पाणी फेजला लागतं.

विडी घरकुल
टेस्टर दोन्ही बाजूंनी लावून बघितला, टॉप उलटाच होता. पत्र्याच्या कडेला माळ दोन ठिकाणी सोललीय, तांबं दिसतंय. टेप मारून वापरू का?

वायरिंगवाला
दिव्यांच्या मधे सोललीय ना, मग टाकून द्या. टेप उन्हानं सुटते आणि पावसात परत तेच होतं. फक्त टॉपजवळच्या साध्या वायरीत तुटली असती तर जोड देता आला असता: दोन तारांचे जोड एकमेकांसमोर न आणता दोन इंच पुढं-मागं, प्रत्येकावर वेगळी टेप, आणि तो जोड घराच्या आत. नवी माळ पत्र्यावरून नेऊच नका. ग्रिलपासून चार बोटं सोडून नायलॉनच्या दोरीवर बांधा, बाइंडिंगची तार वापरू नका. डबी छपराखाली, आणि वायर आत येण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, बोर्डात उतरणार नाही.